पुरा कोर्स

नांदेड
गुरुवार, २० फेब्रुवारी २०२५

शिल्पाक्का,

लांबूनच तुझ्या पाया पडतो. भाऊजींना नमस्कार, लेकरांना पापा. मी बरा आहे. तुम्ही सगळे खुशाल असाल असं लिहायची पद्धत आहे, पण ह्या वेळी ते लिहवत नाही, म्हणून सोडून देतो.

कागद बघून म्हणशील, हे काय नवीन खूळ. फोनच केला असता, पण तू माझा नंबर ब्लॉक केलेला आहे. तुझे अण्णा, माझे अमृतमामा, वारले आणि मी मातीला पोचलो नाही, अकरा दिवसांनी उगवलो, तेव्हापासून. केलंस ते बरोबरच केलंस. मी तेव्हा तेलंगणात हार्वेस्टरवर होतो, फोन मशीनखाली गेला होता, वगैरे वगैरे. ते परत सांगत नाही. भाऊजींना मी परवा फोन लावला होता. त्यांनी उचलला. "हॅलो, कोण? रामलिंग का? बोल की बाबा," असं दोनदा म्हणाले. मी कट केला. त्यांना वाटलं असेल, रेंज नाही. रेंज होती.

नांदेडला मी एका मंडपवाल्याकडं लागलोय. काल शिवजयंती होती, त्यामुळं आधी खांब रोवले आणि आज दिवसभर तेच उपटले. कमानीवर चढून वरचे दोर सोडायचं काम मला देतात, कारण मी हलका आहे, आणि मागं कोणी नाही असं मी सांगितलंय. वरून लई लांबचं दिसतं. गुरुद्वाऱ्याचा घुमट, गोदावरीचं पाणी, आणि गच्च्यांवर वाळत घातलेले पापड. एक म्हातारी पापडावरचे कावळे हाकत होती, तिला बघता बघता माझ्या हातून दोर सुटला. खाली कोणी नव्हतं म्हणून बरं. मालकानं आय-माय काढली.

त्याच्या आधी दोन दिवस किनवटला होतो. कशाला गेलो म्हणशील, तर स्टेशनात उभी असलेली गाडी तिकडं चालली होती. पळस फुललाय तिकडं. एका आश्रमशाळेच्या भिंतीला टेकून बसलो, आत पोरं जेवायच्या रांगेत ताटं वाजवत होती. मग मास्तर आले आणि म्हणाले, "कोणाचा पालक?" मी म्हणालो, कोणाचाच नाही. उठून आलो.

बघ, दीड पान झालं आणि अजून मुद्द्याला हात घातला नाही.

आत्याची, म्हणजे तुझ्या आईची, शेजारीण सिद्धम्मा, तिच्याकडून मला सगळं कळतं. ती दोनदा लातूरला दवाखान्यात येऊन गेली ना? काल तिचा फोन आला. उचलल्या उचलल्या सुरू झाली, "कुठं मेलायस रे मुडद्या? चहा आणतो म्हणून दवाखान्यातून गेलास त्याला पाच दिस झाले. आसामातून पत्ती आणायलास का?" मी हसलो, तर ती रडायला लागली. म्हणाली, आत्याच्या अंगाची साल पोळल्यासारखी निघायलीय. तोंडातून घोट जात नाही, नाकातून नळी घातलीय. पापण्या चिकटून बसायल्यात, डोळ्याचा डॉक्टर रोज येऊन सोडवतोय. नजर राहील का नाही ते पंधरा दिवसांशिवाय सांगता येत नाही म्हणतेत.

आणि मग तिनं तुझं सांगितलं. म्हणाली, "शिल्पानं सगळ्या वार्डासमोर आईला झाडलं बघ. 'अंगावर फोड आले तरी गोळ्या गिळत बसलीस, अडाणी ती अडाणीच राहिलीस!' अन् केवळाबाई गप. डोळे बंद, व्हट सुजलेले, बोलंल कशानं? नुसती मान हलवली. हाव म्हणून."

त्या मेडिकलच्या पोरीलाही तू दुकानात जाऊन बोललीस, चुकीचं औषध दिलं म्हणून, आणि मालकानं तिला घरी बसवलंय, हेही तिनंच सांगितलं. समीक्षा नाव आहे म्हणं तिचं.

अक्का, आत्याला बोलू नकोस. तिनं आपल्या मनानं एकही गोळी खाल्लेली नाही.

हे एवढं वाक्य लिहिलं आणि उठून बाहेर एक चक्कर मारून आलो. आता सांगतो. सरळ रेषेत सांगायला मला जमत नाही, पण प्रयत्न करतो.

तुला माहीत नसेल, मी संक्रांतीपासून आत्याकडंच होतो. महिना झाला होता एका जागी. आत्या गावभर सांगत सुटली होती, रामू आता राहणार हाय. परवाच्या नाही, त्याच्या आधीच्या रविवारी सिद्धम्मानं मला गोठ्यात गाठलं. "तुझ्या आत्याला लघवीला आग व्हायलीय, चार दिस झाले. तुला सांगायला लाजायली. दवाखान्यात ने," म्हणाली. चाकूरला ओळखीचं कोणी भेटंल म्हणून आत्याला लातूरच पाहिजे. सोमवारी, दहा तारखेला, घेऊन गेलो एका डॉक्टरीणबाईकडं.

निघताना आत्यानं बटव्यातून तो कागद काढून माझ्या वरच्या खिशात घातला. तुला आठवत असेलच. तू लहान असताना एका गोळीनं तिच्या अंगभर फोड उठले होते, तेव्हाच्या डॉक्टरनं गोळीचं नाव लिहून खाली लिहिलं होतं, ही परत कधीही देऊ नये. अंगाऱ्याच्या पुडीसारखा जपलाय तिनं तो कागद. तिला वाचता येत नाही, म्हणून दवाखान्यात जाताना जो सोबत वाचणारा असेल त्याच्याजवळ द्यायचा, अशी आपल्या घरची रीतच. आधी अण्णांजवळ असायचा, मग तुझ्याजवळ. ह्या वेळी वाचणारा मी होतो.

बायकांची तपासणी, पोरगं आत कशाला, म्हणून तिनं मला बाहेर बसवलं. रस्त्याच्या पलीकडं ट्रेलरवर ऊसतोडीचं मशीन उभं होतं. दोघंजण त्याचा पट्टा बसवत होते आणि उलटा बसवत होते. मला राहवलं नाही. मी जाऊन त्यांना बसवून दिला. परत आलो तर आत्या दारात उभी. आतल्या सिस्टरनं बाहेर येऊन तीनदा हाका मारल्या होत्या म्हणं, केवळाबाईसोबत कोण हाय म्हणून. डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं होतं, कुठल्या औषधाचा त्रास हाय का? ती म्हणाली, हाय, कागद पोराकडं हाय. बाईंना ऑपरेशनला जायचं होतं. चिठ्ठी लिहून देऊन त्या बजावून गेल्या होत्या की चारला मी परत येते, कागद मला दाखवा, दाखवल्याशिवाय गोळी सुरू करू नका.

आत्या म्हणाली, "चारपस्तोर बसू की रे. बाई म्हणाल्या, दाखवल्याबिगर खायची न्हाई."

तेव्हा एक वाजला होता. तीन तास त्या बाकड्यावर! मी म्हणालो, "मग मी कशाला हाय? मला वाचता येत न्हाई का?"

"येतंय की. पर त्या डॉक्टर हायत."

"आत्या, नाव तर बघायचंय. त्याला काय डॉक्टर लागतंय?"

तिनं पिशवी उचलली. तुला माहीत आहे, मी आवाज चढवला की ती गप बसते.

जेनेरिकच्या दुकानात गेलो. समीक्षानं पट्टी काढून दिली, दहा गोळ्या, सकाळ-संध्याकाळ एक. तिनं विचारलंही, "आधी कधी सल्फाचा त्रास झालाय का ह्यांना?" सल्फा काय ते मला माहीत नव्हतं. मी कागद काढला, पट्टी समोर धरली, दोन्ही नावं अक्षराला अक्षर लावून बघितली. वेगळी होती. म्हणालो, "न्हाई, सगळं तपासलंय." तिनं कागद मागितला. मी घडी घालून खिशात ठेवला. तपासून झालं होतं ना.

मग तिनं दोन गोष्टी सांगितल्या. एक, ताप आला, अंगावर काही उठलं, तोंड आलं, डोळे लाल झाले तर लगेच बंद करा आणि डॉक्टरकडं या. आणि दुसरी, तसं काही झालं नाही तर बरं वाटलं म्हणून मधेच सोडू नका, पाच दिवसांचा कोर्स पुरा करा. पहिलं सांगत होती तेव्हा मी दारातून त्या मशीनच्या ट्रेलरकडं बघत होतो. ते वळण घेत होतं आणि मागून अडकलं होतं. कानावर आलं, पण आत गेलं नाही. तिनं दोन गोष्टी दिल्या आणि मी घरी एकच घेऊन आलो.

पुढचं लवकर सांगतो.

मी मोबाइलवर अलार्म लावला, सकाळी आठ, संध्याकाळी आठ. अलार्म वाजला की तांब्या घेऊन आत्यासमोर उभा. दोन दिवसांत आग कमी झाली. आत्या सिद्धम्माला म्हणाली, "पोरगं लई करायलंय बघ माझं." मला बरं वाटलं. लई दिवसांनी.

बुधवारी संध्याकाळी अंग तापलं. मला वाटलं, उन्हात हरभरा उपटायला गेली होती त्यानं. गुरुवारी सकाळी तोंडात फोड, डोळे लाल, छातीवर लाल चट्टे. अलार्म वाजला. ती म्हणाली, "रामू, नको रे. तोंडात आग पडलीय. त्या येळेसारखंच वाटायलंय मला."

मी म्हणालो, "आत्या, कागदातली ती गोळी वेगळी, ही वेगळी. मी बघितलंय. कोर्स पुरा करायचा असतो. अर्ध्यात सोडलं की जंतू दुप्पट जोरानं उठतेत."

तेवढ्या आगीत ती हसली गं. म्हणाली, "कोण बोलायलंय हे? तू? तुझी बारावी अर्धी, आयटीआय अर्धं, त्या पोल्ट्रीवर आठ दिस टिकला न्हाईस, अन् माझी गोळी तेवढी पुरी करायची व्हय?"

मी म्हणालो, "मग होऊ दे की एक तरी पुरं माझ्या हातून."

माझ्या तोंडाकडं बघितलं तिनं. मग तोंड उघडलं. म्हणाली, "आण. तुझ्यासाठी घेते."

संध्याकाळी परत एक. तेव्हा ती भिंतीकडं तोंड करून पडली होती, मी खांद्याला धरून उठवलं. आणि शुक्रवारी सकाळी गिळताच येईना, तर मी गोळी चमच्यात कुटली, साखर घातली आणि पाण्यातून पाजली. थोडं ओघळलं ते बोटानं परत आत लोटलं. ती आठवी. दोन तासांत पापण्या सुजून डोळे मिटले आणि पाठीवरची कातडी माझ्या हाताला लागून आली. तेव्हा कुठं मी सिद्धम्माला हाक मारली.

लातूरच्या दवाखान्यात डॉक्टरनी विचारलं, किती गोळ्या झाल्या, शेवटची कधी? मी म्हणालो, चार. बुधवारी सकाळी बंद केली. का म्हणालो माहीत नाही. तोंडातून आलं. मग त्यांनी आत्याकडं बघून विचारलं, "आजी, त्रास होत असताना चालू कोणी ठेवलं?" तिला दिसत नव्हतं, बोलता येत नव्हतं. हात उचलला आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मी तिच्या उशालाच उभा होतो. माझ्या खिशात कागद होता. डॉक्टर म्हणाले, आधी कधी असं झाल्याचं काही लिहिलेलं आहे का? मी म्हणालो, घरी असेल. मग जिन्यावर तुझा आवाज आला आणि मी चहा आणायला निघालो.

नांदेडला आल्यावर मी एका मेडिकलवाल्याला कागद आणि पट्टी दोन्ही दाखवलं. त्यानं चष्मा वर केला आणि म्हणाला, "दोन्ही एकच हाय की. वरलं मोठं नाव कंपनीचं. खाली बारीक अक्षरात असतंय ते औषध. ते बघायचं असतंय." मी विचारलं, माझ्या ध्यानात आलं नाही तर? तो म्हणाला, "म्हणून तर विचारायचं असतंय ना बाबा." आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

आता तू एक काम कर. हे डॉक्टरना सांग. मी सांगितलेलं चार खोटं आहे. गोळ्या आठ झाल्या, पहिली सोमवारी दहाला संध्याकाळी, शेवटची शुक्रवारी चौदाला सकाळी आठ वाजता. ताप बुधवारी संध्याकाळी, तोंड आणि चट्टे गुरुवारी सकाळी. पाकिटात पट्टी ठेवलीय, दोन गोळ्या अजून आत आहेत. आत्याचा कागदही ठेवलाय. ह्यानं आता काही उपयोग होईल का मला माहीत नाही. सहा दिवस उलटून गेलेत. पण त्यांच्या वहीत खोटं नको.

आणि त्या समीक्षाकडं जा, किंवा भाऊजींना पाठव. तिच्या मालकाला हे पत्र दाखवलंस तरी चालेल. तिनं विचारलं होतं, तिनं सांगितलं होतं, तिनं कागदही मागितला होता. डॉक्टरीणबाईंचीही काही चूक नाही.

मी दोनदा निघालो होतो. एकदा लोह्याला उतरलो, एकदा अहमदपूरला. उतरलो की लगेच परतीची गाडी असते, ती एक वाईट सोय आहे. येऊन तरी करणार काय? माझ्या हातानं आता तिला पाणीसुद्धा पाजवणार नाही. डोळ्याचे डॉक्टर पापण्या सोडवतील, नर्सा पट्ट्या बदलतील, तू बसशील उशाला. मी फार तर बाहेर उभा राहीन आणि बघता बघता कुठंतरी जाईन. माझं मला माहीत आहे.

आमच्या मंडपाचा टेम्पो उद्या सकाळी खुर्च्या घेऊन लातूरला एका लग्नाला चाललाय. ड्रायव्हर बसलिंगप्पा, उदगीरकडचा, भला माणूस आहे. त्याला म्हणालो, एक पाकीट दवाखान्यात देशील का? तो म्हणाला, "देतो की. अन् तू? क्याबिनमधी एक सीट रिकामी हाय."

"बघतो," म्हणालो.

"तुझं बघतो म्हंजे न्हाई. पाकिटाला सीट लागत न्हाई रे बाबा, ते खिशात बसतंय."

पाकीट मी आत्ताच त्याच्या खिशात घालतोय, म्हणजे ते तरी नक्की पोचेल. माझं लिहून देत नाही, कारण मी लिहून दिलेलं आजवर काय खरं झालंय? आलो तर मला वार्डात घेऊ नकोस. त्या डॉक्टरसमोर मात्र नेऊन उभा कर, आणि मी बोलायला लागेपर्यंत मनगट सोडू नकोस.

हे आत्याला वाचून दाखवशील. दाखव. पण एक सांगून ठेवतो. तोंड बरं होऊन तिला बोलता आलं, की पहिली गोष्ट ती हीच म्हणेल, रामू खोटं लिहायलाय, मीच खाल्ल्या माझ्या मनानं. लई खरं वाटेल असं म्हणेल. डोळ्यांत दिसत असो वा नसो, तुझ्याकडं तोंड करून म्हणेल. अक्का, ह्या एका बाबतीत तू तुझ्या आईवर विश्वास ठेवू नकोस, माझ्यावर ठेव.

तुझ्या आईला आठही गोळ्या चारणारा,
रामलिंग